रुग्णसेवेतील संगणकीय दृष्टी : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय वैद्यकपरंपरेने रोगपरीक्षेची तीन साधने मानली आहेत : दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. वैद्याने रोग्याला पाहावे, हाताने तपासावे आणि विचारावे, असा हा क्रम आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत संगणकशास्त्राची जी शाखा रुग्णालयात शिरली, तिने या तिन्हींपैकी पहिल्या साधनावर हक्क सांगितला आहे. एक्स-रेमधील छाया, डोळ्याच्या पडद्यावरील रक्ताचे ठिपके, खाटेवरून उतरू पाहणाऱ्या वृद्धाची हालचाल, परिचारिकेने हात धुतले की नाही, अशा परस्परांहून अगदी भिन्न गोष्टी ‘पाहण्याचे’ काम आता यंत्राकडे सोपवता येते. या तंत्रज्ञानास संगणकीय दृष्टी असे म्हटले जाते. तिच्याविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा कौतुकाचे असते. यंत्र डॉक्टरांइतके किंवा डॉक्टरांहून अचूक पाहते, हे सिद्ध झाले की विषय संपला असे मानले जाते. वस्तुतः विषय तेथे सुरू होतो.

हा प्रश्न वाशीम जिल्ह्यासाठी केवळ शैक्षणिक राहिलेला नाही. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा २०१८ मध्ये देशातील आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातील ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचा एकाच वेळी प्रारंभ झाला, त्यांत वाशीमचेही आहे. नव्या महाविद्यालयाशी जोडलेल्या रुग्णालयाला पुढील काही वर्षांत यंत्रसामग्री घ्यावी लागणार आहे आणि ती विकणारे तिच्यासोबत ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द जोडून देणार आहेत. मालेगाव तालुक्यातील (नाशिकचे मालेगाव नव्हे) किन्हीराजासारख्या गावातून त्या रुग्णालयात जाणाऱ्या रुग्णाला या दृष्टीचा उपयोग कोठे होईल आणि कोठे होणार नाही, याचा विचार खरेदीच्या आधी झालेला बरा.

प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, रुग्णसेवेत दोन निरनिराळ्या उणिवा असतात. एक पाहणाऱ्याची उणीव आणि दुसरी पाहिल्यानंतर धावणाऱ्याची उणीव. संगणकीय दृष्टी पहिली उणीव खरोखर भरून काढते. दुसरी ती भरून काढू शकत नाही. कित्येकदा झाकून मात्र टाकते.

यंत्र काय पाहते?

संगणकाला चित्र दिसत नाही, अंक दिसतात. काळ्यापांढऱ्या एक्स-रेचा प्रत्येक बिंदू शून्यापासून पुढच्या एखाद्या अंकाने दर्शविला जातो आणि अशा लक्षावधी अंकांच्या जाळीत कोणती रचना वारंवार कोणत्या निदानाशी जोडलेली आढळते, हे यंत्र आधी तज्ज्ञांनी निदान लिहून ठेवलेल्या हजारो चित्रांवरून शिकते. २०१२ मधील इमेजनेट स्पर्धेत बहुस्तरीय चेताजालांनी जुन्या पद्धतींना मोठ्या फरकाने मागे टाकले आणि तेथून या विद्येला वेग आला. २०१६ च्या अखेरीस गूगलच्या संशोधकांनी मधुमेहजन्य नेत्रपटलविकार ओळखणाऱ्या प्रणालीचा जो निबंध प्रसिद्ध केला, तिच्या शिक्षणासाठी १,२८,१७५ छायाचित्रे वापरली होती आणि त्यांतील बरीच भारतातील नेत्ररुग्णालयांतून आलेली होती. भारतीय रुग्णांचे डोळे या विद्येच्या पायाशीच आहेत, ही गोष्ट तिच्या श्रेयाच्या चर्चेत सहसा येत नाही.

यंत्राचे उत्तर ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे नसते. ते एक संभाव्यता देते. किती अंकाच्या वर ‘संशयित’ म्हणायचे, ती रेषा माणूस आखतो. ती खाली आणली तर रुग्ण सुटत नाहीत, पण निरोगी माणसे जाळ्यात येतात. वर नेली तर उलट होते. ही रेषा वरकरणी तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात ती प्रयोगशाळेवर किती भार पडेल आणि किती लोकांची मजुरी बुडेल, हे ठरवत असते.

पाहणाऱ्याची उणीव : क्षयरोगाचे उदाहरण

संगणकीय दृष्टीच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा क्षयरोगाच्या क्षेत्रात आहे. २०१९ ते २०२१ या काळात भारतात झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग प्रादुर्भाव सर्वेक्षणाने दोन गोष्टी उघड केल्या. लक्षणे असलेल्या सुमारे ६४ टक्के लोकांनी उपचारासाठी कोठेही धाव घेतली नव्हती. दुसरी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. छातीचा एक्स-रे काढला नसता, तर सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के रुग्ण निसटले असते. खोकला किती दिवसांचा आहे, एवढे विचारून थांबणारी पद्धत जवळजवळ निम्म्या रुग्णांना ओळखत नव्हती. जुन्या परिभाषेत सांगायचे तर येथे प्रश्न अपुरा पडला आणि दर्शनाची गरज लागली.

पण एक्स-रे काढणे आणि तो वाचणे या दोन गोष्टी आहेत. एक्स-रे यंत्र आता हातात धरून गावात नेता येते. रेडिओलॉजिस्ट नेता येत नाही. बहुतेक तालुक्यांच्या ठिकाणी तो नसतोच. फिल्म काढली जाते, पाकिटात घातली जाते आणि वाचली जाईपर्यंत रुग्ण सोयाबीनच्या कापणीला किंवा ऊसतोडीला निघून गेलेला असतो. ही पाहणाऱ्याची निखळ उणीव आहे. येथे यंत्राने वाचलेला एक्स-रे कोणाचे काम हिरावून घेत नाही, कारण ते काम करणारा तेथे नव्हताच.

जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये पंधरा वर्षे व त्यापुढील वयाच्या व्यक्तींच्या क्षयरोग चाळणीसाठी संगणकीय वाचन मानवी वाचनाच्या जागी वापरता येईल, असे मान्य केले. त्याच वर्षी ‘लॅन्सेट डिजिटल हेल्थ’मध्ये ढाक्यातील २३,९५४ लोकांच्या एक्स-रेवर पाच प्रणालींची तुलना प्रसिद्ध झाली, त्यांत मुंबईत २०१६ मध्ये स्थापन झालेल्या क्युअर डॉट एआय या कंपनीची प्रणालीही होती. पाचही प्रणाली तेथील रेडिओलॉजिस्टांपेक्षा सरस ठरल्या. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हाती धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे आणि असे वाचन यांचा उपयोग झाला.

येथवर सारे स्वागतार्ह आहे. परंतु चाळणीचे गणित मांडून पाहिले तर पुढचा प्रश्न दिसू लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने चाळणीच्या चाचणीसाठी किमान ९० टक्के संवेदनक्षमता आणि ७० टक्के विशिष्टता हा निकष ठेवला आहे. समजा, एका मोठ्या गावात १००० प्रौढांचे एक्स-रे काढले आणि त्यांत १० जणांना खरोखर क्षयरोग आहे. निकष जेमतेम पूर्ण करणारी प्रणाली त्यांपैकी ९ जणांना पकडील. त्याचबरोबर उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी २९७ जणांनाही ती संशयित ठरवील. म्हणजे ९ रुग्णांसाठी ३०६ जणांच्या बेडक्याची तपासणी करावी लागेल. चांगल्या प्रणाली याहून बऱ्याच नेमक्या आहेत हे खरे. तरीही संशयितांची रांग रुग्णांच्या रांगेपेक्षा नेहमीच लांब राहणार. ही तपासणी करणारी ट्रूनॅट यंत्रे गोव्याच्या मोलबायो कंपनीने बनवलेली आहेत आणि ती तालुका पातळीवर चालवता येतात. ती आहेत, पण त्यांच्या चिप वेळेवर पोहोचल्या का, नमुना घेऊन जाणारा माणूस आला का, आणि ज्याच्या एक्स-रेवर लाल चौकट उमटली त्याला त्या आठवड्यात कोणी पुन्हा भेटले का, यावर एक्स-रेच्या अचूकतेचे खरे मूल्य ठरते. मोहिमेच्या अहवालांत किती एक्स-रे काढले हा आकडा ठळक असतो. संशयितांपैकी किती जणांची तपासणी पूर्ण झाली आणि किती जणांचे औषध किती दिवसांत सुरू झाले, हे आकडे शोधावे लागतात.

मुंबईचा दवाखाना आणि थायलंडचा धडा

महाराष्ट्रातील दुसरे उदाहरण नेत्रविकाराचे आहे. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत २३१ मधुमेही व्यक्तींच्या डोळ्यांची छायाचित्रे आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोनला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतली आणि त्याच फोनमधील प्रणालीने, इंटरनेटशिवाय, तेथल्या तेथे निकाल दिला. २०१९ मध्ये ‘जामा ऑफ्थॅल्मॉलॉजी’त प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तज्ज्ञाकडे पाठवण्याजोगा विकार असलेली एकही व्यक्ती प्रणालीने सोडली नाही, विशिष्टता ८८.४ टक्के होती. नमुना लहान आहे, हे ध्यानात ठेवूनही एक गोष्ट मोलाची वाटते. ‘इंटरनेटशिवाय’ हा तपशील निकालाच्या टक्केवारीहून महत्त्वाचा आहे. ज्यांनी ही प्रणाली रचली, त्यांनी दवाखाना पाहिलेला होता.

याउलट गूगलची प्रणाली थायलंडमधील अकरा दवाखान्यांत गेली तेव्हा काय झाले, याचा प्रामाणिक वृत्तान्त तिच्याच संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केला. पहिल्या सहा महिन्यांत घेतलेल्या १,८३८ छायाचित्रांपैकी २१ टक्के छायाचित्रे पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून प्रणालीने नाकारली. खोलीत पुरेसा अंधार करता येत नव्हता, इंटरनेट मंद होते, रांगा खोळंबत होत्या. नाकारलेल्या छायाचित्राच्या रुग्णाला तज्ज्ञाकडे पाठवावे, असा नियम होता. आणि तज्ज्ञ दूरच्या शहरात. तेव्हा काही परिचारिकांनी रुग्णांना या अभ्यासात भाग न घेण्याचाच सल्ला दिला, कारण निष्कारण प्रवास कोणाला करावा लागेल हे त्यांना ठाऊक होते. प्रयोगशाळेत अचूक ठरलेली प्रणाली दवाखान्यात अडली. तिला अडवणाऱ्या परिचारिका अडाणी नव्हत्या. रुग्णाच्या बाजूने हिशेब करणाऱ्या त्याच होत्या.

विदर्भातील वाचकाला या संदर्भात आणखी एक उदाहरण जवळचे वाटेल. मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कपाशीतील कामगंध सापळ्यात अडकलेल्या बोंडअळीच्या पतंगांची छायाचित्रावरून मोजणी करणारी प्रणाली तयार केली. मोबाईलने फोटो काढायचा, पतंग मोजले जातात, फवारणी करावी की नाही याचा सल्ला मिळतो. येथे पाहणारा आणि करणारा एकच आहे. सापळा शेतकऱ्याचा, पंपही त्याचाच. सल्ला पटला तर तो त्याच दिवशी फवारणी करू शकतो. रुग्णाच्या बाबतीत पाहणारे यंत्र एका गावात, तपासणी दुसऱ्या ठिकाणी, तज्ज्ञ अकोल्याला किंवा नागपूरला आणि निर्णय बहुधा घरातील कर्त्या पुरुषाकडे, अशी फाटाफूट असते. त्यामुळे कपाशीत यशस्वी झालेली पद्धत दवाखान्यात तशीच यशस्वी होईल, हा तर्क फसवा आहे.

वॉर्डातील कॅमेरा

चित्रवाचन सोडून वॉर्डात आले की प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी अतिदक्षता विभागात खोली मोजणारे संवेदक बसवून रुग्णाला खाटेवरून उठवणे, खुर्चीत बसवणे यांसारख्या क्रिया यंत्राला ओळखता येतात, हे २०१९ मध्ये दाखवले. २०२० मध्ये ‘नेचर’मधील परीक्षणलेखात याच विचाराचा विस्तार आहे : हात धुणे, पडणे, खाटेवर खिळणे, या साऱ्यांवर थकवा न येणारी नजर ठेवता येईल. हेतू चांगला आहे. परंतु या संशोधनातील खोली आणि भारतातील जिल्हा रुग्णालयातील वॉर्ड यांच्यात केवळ सुबत्तेचा फरक नाही. दोन्हीकडील माणसांची मांडणीच वेगळी आहे.

जिल्हा रुग्णालयातील वॉर्डात रुग्ण एकटा नसतो. त्याच्या खाटेशेजारी आई, बायको, भाऊ किंवा गावचा शेजारी बसलेला असतो. रात्री तो खाटेखाली किंवा दोन खाटांमध्ये सतरंजी टाकून झोपतो. सलाईनच्या बाटलीकडे लक्ष ठेवणारा, ‘सिस्टर, सलाईन संपली’ म्हणून धावत जाणारा, अंग तापले की कपाळावर हात ठेवणारा तोच असतो. भारतीय वॉर्डाची खरी देखरेख अशी चालते. जमिनीवर आडवी झालेली व्यक्ती म्हणजे पडलेला रुग्ण, असे शिकलेली प्रणाली या वॉर्डात पहिल्याच रात्री किती वेळा खोटा इशारा देईल, याची कल्पना करता येते. आणि इशारे वारंवार खोटे ठरू लागले की खऱ्या इशाऱ्याकडेही कोणी वळून पाहत नाही. अतिदक्षता विभागातील मॉनिटरच्या आवाजाबाबत हा अनुभव जगभर नोंदलेला आहे.

हा नातेवाईक वॉर्डातून काढून घेतला तर काय होते, हे २०२० मध्ये महाराष्ट्राने पाहिले. कोविडच्या पहिल्या लाटेत जळगावच्या शासकीय रुग्णालयात दाखल असलेली ऐंशी वर्षांपुढील एक वृद्धा जूनच्या आरंभी ‘बेपत्ता’ झाली आणि आठ दिवसांनी तिचा मृतदेह रुग्णालयाच्याच शौचालयात आढळला. अधिष्ठात्यांसह काही जणांना निलंबित करण्यात आले. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने देशातील कोविड रुग्णालयांच्या स्थितीची दखल घेत वॉर्डांमध्ये सीसीटीव्ही बसवण्याचे निर्देश दिले. त्या काळातील भीती आणि मनुष्यबळाची ओढाताण ध्यानात घेता हे समजण्यासारखे आहे. तरीही जळगावची घटना नीट वाचली तर कॅमेऱ्याच्या मर्यादा तिच्यातच दिसतात. शौचालयात कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. प्रणालीने ‘खाट रिकामी आहे’ असे सांगितले असते, तर त्यात नवे काही नव्हते. खाट रिकामी असल्याचे ठाऊक होते, म्हणूनच ती बेपत्ता असल्याची नोंद झाली. नव्हता तो शोधणारा माणूस. त्या आठ दिवसांत दार ठोठावणारा एक सफाई कर्मचारी किंवा तिच्याजवळ बसू दिलेली एक सून पुरेशी होती.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा अर्भके दगावली, सात वाचवता आली. या घटनेनंतरही तंत्रज्ञानाच्या भाषेत बरेच बोलले गेले. धूर ओळखायला मात्र संगणकीय दृष्टी लागत नाही. त्यासाठी अनेक दशके उपलब्ध असलेला साधा संवेदक, तपासलेली वीजजोडणी आणि कक्षात अखंड उपस्थित असलेली परिचारिका लागते. अतिदक्षता विभागात एका रुग्णामागे एक परिचारिका असावी, हा मान्य निकष आहे. हा निकष जेथे पाळला जात नाही, तेथे कॅमेरे बसवले की खर्चाच्या पुस्तकात ‘रुग्णसुरक्षा’ या शीर्षाखाली काहीतरी केल्याची नोंद होते. पदे रिक्त राहतात ती राहतातच.

कॅमेरा कोणाकडे वळतो?

वॉर्डातील कॅमेरा रुग्णाकडे पाहण्यासाठी बसवला जातो. पण तो हळूहळू परिचारिकेकडे वळतो. हात धुण्याचे उदाहरण घ्यावे. व्हिएन्नात १८४७ मध्ये सेमेलवाइसने हात धुण्याचा आग्रह धरला आणि प्रसूतिज्वराने होणारे मृत्यू झपाट्याने घटले, हा इतिहास सर्वज्ञात आहे. हात धुतले जातात की नाही, हे आता यंत्र मोजू शकते. परंतु वॉर्डाच्या टोकाला एकच बेसिन असेल, नळाला पाणी ठरावीक वेळेलाच येत असेल आणि एका सिस्टरवर तीस खाटा असतील, तर यंत्राने नोंदलेला ‘अनुपालन : ४० टक्के’ हा आकडा नेमका कोणाची चूक दाखवतो? प्रणालीला नळ दिसत नाही, सिस्टरचे हात दिसतात. जे दिसते त्याचीच जबाबदारी निश्चित होते. संगणकीय दृष्टीची ही पक्षपाती बाजू अचूकतेच्या चर्चेत येत नाही, कारण आकडा अचूकच असतो.

पाहिल्या जाणाऱ्या रुग्णाचा विचार यापेक्षाही कमी होतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील सीसीटीव्ही चित्रण, ज्यात महिलांची तपासणी होत होती, इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटक झालेल्यांत महाराष्ट्रातील व्यक्तीही होत्या. त्या रुग्णालयाने कृत्रिम बुद्धिमत्ता वापरली नव्हती. साधा कॅमेरा होता आणि त्याचे चित्रण सुरक्षित नव्हते. संगणकीय दृष्टीची प्रत्येक प्रणाली अशा कॅमेऱ्यावरच उभी असते. व्यक्तिगत गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनेही त्याच वर्षी आरोग्यक्षेत्रातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कागदावर आधार आहे. परंतु जिच्या केसपेपरवर अंगठा उमटतो, ती बाळंतीण ‘माझ्या खाटेवरचा कॅमेरा बंद करा’ असे कोणाला आणि कोणत्या शब्दांत सांगेल? ती तसे सांगणार नाही. ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करील आणि बाळाला पाजणे पुढे ढकलील. ही संमती नव्हे. खोलीतील अंतरे मोजणारे, चेहरा न टिपणारे संवेदक वापरले तर हा दोष बराच कमी होतो. तथापि ते महाग असतात, आणि स्वस्त निविदेत सीसीटीव्हीच येतो.

उपस्थाता

चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले : वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे जवळ उभा राहणारा. सेवेचे ज्ञान, दक्षता, आत्मीयता आणि शुचिता हे त्याचे गुण मानले गेले. मराठीत रूढ असलेला ‘शुश्रूषा’ हा शब्दही येथे विचारात घेण्याजोगा आहे. त्याचा मूळ अर्थ ऐकण्याची इच्छा असा होतो. सेवेच्या या परिभाषेत पाहण्याला स्थान आहे, परंतु जवळ असणे आणि ऐकणे त्याहून पायाभूत मानलेले दिसते.

हा केवळ शब्दांचा खेळ नाही, याची साक्ष विदर्भातच आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातील कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाचे निरीक्षण शिकवले : बाळ दूध ओढते का, रडणे क्षीण झाले का, अंग गार पडले का, श्वास किती वेळा चालतो. ३९ गावांतील या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. या स्त्रियांकडे दर्शन होते, स्पर्शन होते, आईला विचारलेला प्रश्नही होता. आणि मुख्य म्हणजे जंतुसंसर्गाची चिन्हे दिसताच तेथेच औषध देण्याचा अधिकार आणि प्रशिक्षण होते. पाहणारी आणि करणारी एकच व्यक्ती होती. कामगंध सापळ्याच्या उदाहरणातही हेच सूत्र दिसले होते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, अशी माणसे घडवणे दीर्घकालीन काम आहे, यंत्र मात्र उद्या बसवता येते. आक्षेपात तथ्य आहे. एक्स-रे आणि नेत्रपटलाच्या बाबतीत तर तो पूर्णपणे मान्य करण्यासारखा आहे; तेथे यंत्राला नकार देणे म्हणजे रुग्णाला दुखणे हाताबाहेर जाईपर्यंत थांबायला सांगणे होय. वॉर्डातील नजरेच्या बाबतीत मात्र ‘उद्या’ बसवलेले यंत्र परवा कोणाला हाक मारील, हा प्रश्न शिल्लकच राहतो. म्हणून खरेदीच्या प्रस्तावात कॅमेऱ्यांची संख्या आणि प्रणालीची अचूकता यांच्याबरोबर इशाऱ्यानंतर किती मिनिटांत कोणत्या पदावरील व्यक्तीने पोहोचायचे, ते पद भरलेले आहे का, खोट्या इशाऱ्यांची नोंद कोण ठेवणार, चित्रण किती दिवसांनी पुसले जाणार आणि नळ दुरुस्तीला किती रक्कम ठेवली, हे रकाने असावेत. सामान्य वॉर्डासाठी ते भरता येत नसतील तर त्या पैशात परिचारिकांची कंत्राटी पदे भरणे अधिक शास्त्रीय ठरेल.

एक प्रश्न विशेषतः अध्यापकांचा आहे. पोलंडमधील चार केंद्रांतील एका अभ्यासात, आतड्यातील गाठी दाखवणारी संगणकीय दृष्टी वापरात आल्यानंतर, तिच्याविना केलेल्या तपासण्यांत त्याच अनुभवी डॉक्टरांना गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आल्याचे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्राच्या सोबतीने अनुभवी नजरही मंदावत असेल, तर जी नजर अद्याप तयारच झालेली नाही तिचे काय होईल? वाशीमला २०२४ मध्ये दाखल झालेली पहिली तुकडी साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून २०३० च्या सुमारास बाहेर पडेल. त्यांच्या हाती येणाऱ्या एक्स-रेवर यंत्राची चौकट आधीच उमटलेली असेल. विद्यार्थ्याने प्रथम चौकटीविना एक्स-रे वाचावा, आपले मत नोंदवावे आणि नंतरच यंत्राचे मत उघडावे, अशी शिस्त पहिल्या वर्षापासून लावणे शक्य आहे. त्यासाठी एक नोंदवही पुरते. विद्यार्थी आणि यंत्र यांची मते जेथे जुळली नाहीत आणि बेडक्याच्या तपासणीने जो निर्णय दिला, त्यांच्या नोंदी पाच-सहा वर्षांत साठल्या, तर किन्हीराजा, शिरपूर किंवा मेडशीच्या रुग्णांच्या छातीवर ही प्रणाली नेमकी कोठे चुकते, याची पहिली स्थानिक माहिती त्या नोंदवहीत असेल.